धाकटा रात्री कुठे झोपायचा

रत्नागिरीला जाऊन आले म्हटलं की पुण्यातले लोक आधी हातांकडे बघतात, पेटी आणली का म्हणून. श्रावणात गेले होते असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरतो. श्रावणात तिकडे कुणी जातं का? आंबे संपलेले, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, आणि धुतलेले कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत. आम्ही नेमके त्यासाठीच गेलो होतो. कपडे वाळत नाहीत अशी जागा आम्हाला हवी होती.

मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत काम करते. सैनिकाच्या रायफलीवर बसवायचं एक उपकरण आम्ही बनवतो. त्याच्या काचेतून बघितलं की समोरच्या दृश्यावर एक लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथे, तिथे नेम. बाहेरच्या देशांतून येणारं असं उपकरण जड असतं आणि महागही, त्यामुळे पलटणीत ते मोजक्या लोकांच्याच वाट्याला येतं. आता आतला दिवा तांदळाच्या दाण्याएवढा होऊ शकतो आणि सर्किट नखाएवढं. मग सगळी वस्तूच साबणाच्या वडीएवढी का होऊ नये, आणि ती प्रत्येक जवानाला का मिळू नये, हा आमचा उद्योग.

वाद उरला होता तो फक्त कवचाचा. माझे वरिष्ठ लेले सर यांनी ॲल्युमिनियमचं कवच काढलं होतं. मी प्लॅस्टिकचं काढलं होतं, वजनाने त्याच्या निम्म्याहून कमी. कॉलेज सुटल्यावर मी काढलेली ही पहिलीच वस्तू, जी कागदावरून उठून टेबलावर आली होती. साचा एकाचाच बनणार होता. प्रयोगशाळेत दोन्ही पास झाली, तेव्हा सर म्हणाले, "पुण्याच्या हवेत सगळंच पास होतं. कोकणात एक आठवडा बाहेर ठेवू. ज्याच्या काचेला आतून वाफ धरेल, ते घरी." आठवडा संपला की ते मालकांना फोन करून निकाल सांगणार होते. एवढंच ठरवून आम्ही जीपमध्ये बसलो.

सड्यावरचं घर

उतरलो ते हवालदार शिर्के काकांकडे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर काका काही वर्षं आमच्या कंपनीच्या फाटकावर होते. मग गुडघे कुरकुरायला लागले, तसे गावी परतले. त्यांचं गाव जयगडच्या खाडीच्या वर, सड्याच्या कडेला आहे. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. उन्हाळ्यात त्यावर चपलेतूनही पाय भाजतात म्हणे. श्रावणात मात्र त्या काळ्या कातळाच्या प्रत्येक खोलगट भागात पाणी साठलेलं असतं आणि पाण्याच्या कडेने बोटभर उंचीची जांभळी, पिवळी फुलं. कुणीतरी रांगोळीचे डबे उपडे करून गेल्यासारखं दिसत होतं. मी फुलं चुकवत चालायला गेले आणि शेवाळावरून घसरून बसले. लाल चिखलाचा तो डाग माझ्या फिकट सलवारीवर अजून आहे. आईने दोनदा भिजवून पाहिलं, आता तिने नाद सोडलाय.

काकांनी सरांना कडक सलाम ठोकला आणि मला विचारलं, "मॅडम, लागलं तर नाही?" मी मान हलवली. मी इंग्रजी शाळेत शिकले. माझं मराठी वाक्य आधी डोक्यात तपासून घेतलं जातं, मग तोंडात येतं, आणि तोवर बोलणं पुढे निघून गेलेलं असतं. त्यामुळे अनोळखी घरी मी बहुतेक मान हलवते. हे काकींच्या लगेच लक्षात आलं. पितळी तांब्यातून पायांवर पाणी ओतता ओतता त्या काकांना म्हणाल्या, "पोर बोलत नाय ती. आमचा घर आवडला नाय काय?"

घर तर मला पाहताक्षणीच आवडलं होतं. मंगलोरी कौलं, शेणाने सारवलेली जमीन, पुढे लांबलचक पडवी आणि पडवीला बसता येईल असा रुंद कठडा. ते मी डोक्यात जुळवत होते, तोवर काकी पिठीला फोडणी द्यायला आत गेल्या होत्या.

जेवायला कुळथाची पिठी, गरम भात, तांदळाची भाकरी आणि भारंगीची किंचित कडसर भाजी. आमच्याकडे भात शेवटी येतो, मुठीएवढा. इथे तो आधी येतो, मध्ये येतो आणि शेवटी पुन्हा विचारायला येतो. काकांची नजर मात्र सारखी फडताळावरच्या एका पत्र्याच्या डब्याकडे जात होती. त्यात सुके बांगडे होते आणि श्रावण संपेपर्यंत तो डबा उघडायचा नाही, असा काकींचा हुकूम होता. "बॉर्डरवर इतका कडक पहारा नव्हता," काका सरांना म्हणाले. काकींनी त्यांच्या पानात आणखी भारंगी वाढली.

थोरला आणि धाकटा

खऱ्या रायफली आम्ही कशाला नेऊ? आमच्याकडे दोन लाकडी रायफली होत्या, पोटात शिसं भरून खऱ्याच्या वजनाच्या केलेल्या. सरांचं उपकरण एकीवर बोल्टांनी आवळलेलं होतं, काढायला पाना लागायचा. माझं दुसरीवर खटक्याने बसायचं, अंगठ्याने एक खिटी दाबली की हातात. या खिटीचा मला फार अभिमान होता. जवानाला थंडीत, हातमोजे घालून, अंधारातही काढता यावं म्हणून मी ती तीन वेळा बदलली होती.

दिवसा काका एक एक रायफल खांद्याला लावून शेतावर, विहिरीवर, म्हशीमागे फिरायचे. संध्याकाळी दोन्ही रायफली पडवीच्या कठड्यावर उघड्या ठेवायच्या, खाडीवरून येणारी खारट, ओली हवा रात्रभर लागू द्यायची, आणि सकाळी काचांकडे बघायचं. चाचणी इतकी साधी.

उपकरणांना दोरीने बांधलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर त्यांची नावं लांबलचक होती. काकींनी पहिल्याच संध्याकाळी त्यांना थोरला आणि धाकटा करून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून सरही तेच म्हणू लागले.

"ह्याच्यातना काय दिसता?" काकींनी मला विचारलं. मी धाकटा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. समोरच्या नारळाच्या बुंध्यावर ठिपका दिसल्यावर त्या हसल्या. मी सांगितलं, जिथे ठिपका, तिथे गोळी. त्यांनी डोळा काढून घेतला.

"म्हंजे समोरच्याकडं पण आसंल आसाच."

"असू शकतो," मी म्हणाले.

 मग त्यांनी सांगितलं की त्यांचा मुलगा महेश सैन्यात, वर आहे. वर म्हणजे उत्तरेला, बर्फात, गावाचं नाव त्यांना सांगता येत नव्हतं आणि त्यालाही पत्रात लिहिता येत नव्हतं. ही वस्तू त्याला मिळेल काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हलकी आणि स्वस्त झाली तर सगळ्यांनाच मिळेल, त्यासाठीच तर चाललंय. हे माझं त्या घरातलं पहिलं लांब वाक्य.

कुठपर्यंत जाणार

मला वाटलं होतं की लाकडी बंदुका बघून गाव घाबरेल. गाव घाबरलं, पण वेगळ्याच कारणाने.

मी सड्यावर उभी राहून धाकट्यातून खालच्या काजूच्या झाडांवर ठिपका लावून बघत होते. शेजारच्या वाडीतले एक आजोबा बराच वेळ गडग्याच्या दगडी कुंपणापाशी उभे होते. शेवटी जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "कुठपर्यंत जाणार ताई?"

मला वाटलं ते उपकरणाचा पल्ला विचारतायत. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "तीनशे मीटरपर्यंत नक्की."

"म्हणजे माझी आंब्याची कलमं पण गेली," आजोबा म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी चारपाच माणसं पडवीत येऊन बसली. चहा झाला, पावसावर बोलणं झालं, भाताच्या लावणीवर झालं. पुण्यात भांडायला आलेला माणूस दारातच भांडून घेतो. इथे आधी दोन कप चहा होतो. मग एकाने विचारलं की रस्ता कुठून जाणार आहे, की कारखानाच येणार आहे, आणि जमिनीच्या नोटिसा कधी निघणार. ह्या किनाऱ्यावर शहरातली माणसं काचेतून बघत उभी राहिली की पुढे काय होतं, ते इथल्या लोकांना ऐकून माहीत आहे. मी डोक्यात उत्तर जुळवायला लागले. काका मात्र पोट धरून हसले. त्यांनी थोरल्याची रायफल आणून मधोमध ठेवली आणि सगळं समजावलं. आजोबांचा विश्वास बसेना, म्हणून मी धाकटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्याला लावला. ठिपका आधी त्यांच्याच घराच्या कौलांवर पडला असावा, कारण त्यांनी तो घाईने शेजाऱ्याच्या कौलांवर सरकवला, मग तिथूनही काढला आणि खाडीवर नेऊन ठेवला. "इथं बरा हाय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून आमच्यासाठी हळदीच्या पानातल्या पातोळ्या आल्या. पानाच्या वासाने सबंध पडवी भरून गेली.

थोरल्याचे डोळे भरले

तिसऱ्या सकाळी थोरल्याच्या काचेवर आतून धुकं होतं. सरांनी रुमालाने पुसून पाहिलं, पण आतलं धुकं बाहेरून कसं पुसलं जाणार? काकी चुलीवरून चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याचे डोळे भरलंत."

धाकटा मात्र लख्ख. चौथ्या सकाळीही लख्ख. पाचव्या सकाळी थोरल्याच्या आत थेंब जमून ओघळ उतरला होता आणि माझा धाकटा नुकताच खोक्यातून काढल्यासारखा चमकत होता. त्याच्यावर चिखलाचा शिंतोडाही नव्हता. मी ते श्रेय प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पृष्ठभागाला देऊन टाकलं.  सर पडवीत येरझारा घालत होते. स्वतःचं डिझाइन हरतंय म्हणून तोंड वाकडं करणाऱ्यांपैकी ते नाहीत, पण हे कसं होतंय हे त्यांना कळत नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट त्यांना जेवू देत नाही. भाताला तिसऱ्यांदा नाही म्हणाले, तेव्हा काकींना वाटलं त्यांना बरं नाही.

मी खूश होते. त्या दिवशी मी एकटीच खाडीपर्यंत उतरून गेले. होड्यांवर झावळ्यांची छपरं घातली होती, जाळी दुरुस्त करत बसलेले दोघे आखातात गेलेल्या भावाविषयी बोलत होते आणि पलीकडचा किनारा पावसात दिसत होता, मध्येच पुसला जात होता. मी काठावर बसून साच्याचा विचार केला. माझ्या हाताने काढलेल्या रेषेचा साचा. तो हजारो वेळा उघडणार आणि मिटणार.

शुक्रवार

आठवड्याचा शेवट शुक्रवारी आला. सकाळी सर म्हणाले, "चला कौमुदी, निकाल तुमचा. मी फोन करून येतो." त्यांच्याकडे मोबाइल होता, पण सड्यावर तो नुसता घड्याळाच्या उपयोगाचा. फोन खाली स्टँडजवळच्या दुकानात. सर आणि काका छत्र्या घेऊन उतरले. मी घरात थांबले, कारण काकींनी थांबवलं होतं.

श्रावणातला शुक्रवार म्हणजे जिवतीची पूजा. आमच्याकडे आजीच्या वेळी होत असे, आता भिंतीवर जिवतीचा कागदही लागत नाही. काकींनी जिवतीच्या चित्राला आघाड्याची आणि दूर्वांची माळ घातली, चणे-गूळ ठेवले आणि मला ओवाळायला पाटावर बसवलं. मी म्हटलं, मी तुमची मुलगी नाही. त्या म्हणाल्या, कोणाची तरी आहेस ना. मग मला म्हणाल्या की अक्षतांना मूठभर तांदूळ हवेत, आतल्या कणगीतून आण.

कणगी म्हणजे बांबूची, शेणाने लिंपलेली, माझ्या कमरेइतकी उंच तांदळाची कोठी. मी झाकण काढून हात घातला आणि हाताला दोरी लागली. दोरीला पिवळा कागद. त्यावर माझ्या अक्षरात उपकरणाचं लांबलचक नाव. धाकट्याची चिठ्ठी.

मी ती घेऊन बाहेर आले. काकींना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. उलट त्यांना वाटलं, मी आभार मानायला आलेय.

"रोज रात्री नेऊन ठेवते त्याला," त्या म्हणाल्या. "तुमी लोकं भायेर ठेवून झोपता. पावसाळ्यात आसा ठेवला तं लोखंडाला पण बुरशी येता. आमचा रेडिओ, ह्यांचं घड्याळ, सगळा कणगीतच आसता."

मी विचारलं, आणि सकाळी?

"सकाळी चूल पेटवायच्या आदी काढून, पदराने पुसून, परत बशिवते. थोरल्याला पण नेला आसता. तो सुटतच नाय. हा कसा, आंगठा लावला की येतो."

माझी खिटी. थंडीत, हातमोजे घालून, अंधारातही काढता यावा असा. अंधारातच निघत होता रोज.

मी विचारलं की का. प्रश्न मूर्खासारखा होता, पण दुसरा सुचला नाही. काकी निरांजनाची वात सारखी करत होत्या. त्या म्हणाल्या, "महेशच्या हातात जायचा ना? मग भिजवायचा कशाला?"

मग त्यांनी मला ओवाळलं. मला आता उठायची घाई झाली होती, पण ताट हातात घेतलेल्या बाईला थांब म्हणता येत नाही. मला ओवाळून झाल्यावर त्या पडवीत गेल्या आणि चारी दिशांना ताट ओवाळून चारी दिशांना अक्षता टाकल्या. मूल लांब असेल तर असंच करतात. उत्तरेकडे टाकताना त्यांचा हात किंचित जास्त मागे गेला, जोर लावून फेकल्यासारखा.

मी धाकट्याची खिटी दाबली, तो ओढणीत गुंडाळला आणि उताराला लागले.

फोनच्या पेटीबाहेर

खरं सांगायचं तर वाटेत एका वळणावर मी थांबले. गप्प बसणं मला इतकं सवयीचं आहे की त्यासाठी काही करावंच लागत नाही. सर फोन करतील, साचा माझा बनेल. मग मला महेश आठवला, ज्याला मी पाहिलेलंही नाही. बर्फात त्याने डोळ्याला लावलेला धाकटा आणि आत धुकं. तिथे कणगी नसणार. मी पुन्हा पळायला लागले आणि पुन्हा घसरले, त्याच सलवारीवर.

दुकानात पावसामुळे बरीच माणसं थांबलेली. सर काचेच्या पेटीत होते, फोन कानाला. मी काच वाजवली. त्यांनी हाताने थांब अशी खूण केली. मी दार उघडलं. सगळे बघत होते, म्हणून वाक्य तपासायला वेळच मिळाला नाही.

"सर, धाकटा जिंकलेला नाही. तो रोज रात्री तांदळात झोपायचा."

 सरांनी फोनवर "नंतर करतो" म्हणून तो ठेवला.

"कुठे झोपायचा?"

मी सगळं सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. सैन्यात असं झालं असतं तर काय शिक्षा झाली असती, ते सांगायला त्यांनी सुरुवातही केली. सरांनी मला एकच प्रश्न विचारला, "मग थोरल्याला का नाही नेलं?"

"तो सुटत नाही, सर."

सर हसायला लागले. मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना ऑफिसात कधी ऐकलं नव्हतं. दुकानदाराने न मागता चहा पाठवला.

चहा पिता पिता सर धाकटा हातात फिरवत होते. सवयीने त्यांनी बॅटरीचं झाकण फिरवून काढलं आणि थांबले. खिशातलं भिंग काढून बघितलं. मग भिंग माझ्याकडे दिलं.

झाकणाच्या आट्यांमध्ये बारीक पिवळसर भुकटी होती. तांदळाचा कोंडा. तो आट्यांत असणं साहजिक होतं, पण तो रबरी कडीच्या पलीकडेही गेला होता. आत, जिथे हवाही जायला नको होती तिथे, त्याची एक स्पष्ट रेघ उमटली होती. उपकरण दिवसा तापतं, रात्री निवतं. निवताना ते फटीतून श्वास आत ओढतं. धाकट्याने कणगीत कोरडा श्वास घेतला होता आणि त्याबरोबर कोंडा. थोरल्याने पडवीत खाडीचा घेतला होता.

"झाकण दोघांचं एकच आहे," मी म्हणाले.

"एकाच ठिकाणाहून तयार आणलेलं," सर म्हणाले. "आणि आपण कवचावरून भांडतोय."

म्हणजे धाकटा जिंकला नव्हता, तसा थोरलाही हरला नव्हता. धातू असो की प्लॅस्टिक, वाफ झाकणातून शिरत होती. माझ्या पेटीत जादा रबरी कड्या होत्या. घरी येऊन आम्ही दोन्ही उपकरणं चुलीजवळच्या उबेत नीट वाळवली, आटे ब्रशने साफ केले आणि एकीच्या जागी दोन दोन कड्या चढवल्या. झाकण फिरवताना आता हाताला जोर लागत होता. सर म्हणाले, "आता दोघंही बाहेर. दोघंही कोरडे राहिले तर हलका जिंकेल. धाकटा एकटा रडला तर माझा."

अडचण फक्त काकींची होती.

पडवीत

काकांनी त्यांना सांगून पाहिलं, हवालदारी आवाजात. काकींनी भांडी घासता घासता ऐकून घेतलं आणि विचारलं, बांगड्याचा डबा कोणी हलवलाय. काका म्हैस बघायला गेले. सरांनी चाचणी म्हणजे काय ते समजावलं. काकी मान डोलवत होत्या, म्हणजे पटलं नव्हतं. हे मी ओळखलं, कारण मीही तसंच करते.

शेवटी मी त्यांच्याजवळ चुलीपाशी जाऊन बसले आणि म्हटलं, काकी, तुम्ही नेऊन ठेवलात, तर तो तुमच्याकडे चांगला राहील. पण तिथे रात्री तो बाहेरच असणार.

काकींनी हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. बराच वेळ त्या तेच भांडं घासत होत्या.

"माज्या पोराला तरी तिथं रात्री आत कोण घेतंय," त्या म्हणाल्या.

मग उठल्या, हात पुसले आणि स्वतः धाकट्याची रायफल उचलून पडवीत नेली. आधी कठड्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली. थोडं थांबून बाहेरच्या कडेला सरकवली, जिथे वाऱ्याबरोबर पावसाची झड येत होती.

त्या दिवशी खाडीवरून वारा जोरात सुटला होता. भात वाढताना काकी दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या, पण उंबरठ्याबाहेर गेल्या नाहीत. काकांनी ते बघितलं आणि त्यांच्या पानात न विचारता भात वाढला.

असंच पुढच्या दिवशी आणि त्याच्या पुढच्या. सर रोज सकाळी आधी थोरल्याकडे जायचे, मी धाकट्याकडे. दोघेही लख्ख. तरी सर म्हणत होते, निघायच्या दिवशी शेवटचं बघू, मग फोन.

निघायच्या सकाळी मला जाग आली ती जीपच्या आवाजाने. गावातल्या दोघांना घेऊन काका तिला चिखलातून ढकलत होते. मी पडवीत आले तर कठडा अर्धा रिकामा होता. थोरल्याची रायफल जागेवर होती, धाकट्याच्या जागेवर फक्त ओला ठसा. 

काकी पायरीवर बसल्या होत्या. रायफल त्यांच्या मांडीवर आडवी होती आणि तिच्यावर धाकटा, पावसाने निथळणारा. त्यांनी तो पदराने पुसलासुद्धा नव्हता, मला तसाच दाखवायचा होता म्हणून. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. मी वाकून काचेतून पाहिलं. अंगण, गडगा, त्यापलीकडे सडा, आणि सगळ्याच्या मधोमध लाल ठिपका, इतका स्वच्छ की बोटाने उचलावासा वाटावा.

"घे बाय," काकी म्हणाल्या. "रात्रभर भायेर होता. रडला नाय."